शिंपला कुठे बसवायचा

गळाची काठी वाकण्यासाठी बनवलेली असते. ती वाकली नाही तर माशाच्या पहिल्याच हिसक्याला दोर तुटतो किंवा गळ त्याच्या तोंडातून निसटतो. शिंपला मात्र वाकत नाही; ताण आला की तडकतो. मग वाकणाऱ्या वस्तूवर न वाकणारी वस्तू जडवण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न हे पुस्तक उघडणाऱ्या कोणाही शहाण्या माणसाला पडेल, आणि तो पडायलाच हवा. गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने बांधलेल्या काठ्या, त्यांच्या मुठीत बसवलेले चकाकते शिंपले, वर रंगीत दोऱ्यांची नक्षी हा प्रकार अमेरिकेत आणि जपानमध्ये चांगला रुजलेला आहे. आपल्याकडे कोणी तो पाहिलाच तर श्रीमंतांचे चोचले म्हणून सोडून देतो. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. जडावकाम चांगले असेल तर ते काठीच्या वाकण्याचे गणित समजून केलेले असते, आणि वाईट असेल तर ते गणित कळले नव्हते हे चारचौघांना दाखवते. म्हणून हे काम चित्रकारापेक्षा फिटरचे आणि टर्नरचे अधिक आहे. आणि म्हणूनच त्याचे पुस्तक नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या वाचकाला समोर ठेवून लिहिण्यात काही विचित्र नाही.

आधी काठीविषयी थोडे. आज दुकानात मिळणारी बरी काठी म्हणजे कार्बन तंतूंची निमुळती पोकळ नळी. कारागीर तिला ब्लँक म्हणतात. पोलादी सळईवर राळेत भिजवलेले कापड गुंडाळायचे, भट्टीत भाजायचे आणि सळई ओढून काढायची, अशी ती तयार होते. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या, 1970च्या दशकात कार्बनच्या आल्या, आणि त्या आधीची शंभर वर्षे चांगली काठी म्हणजे बांबूच होता. ब्लँक कारखान्यातच होते. घरी किंवा छोट्या शेडमध्ये ती करणे परवडत नाही. कारागिराच्या हाती उरते ते नळीवरचे काम: दोर जाण्यासाठीच्या कड्या, म्हणजे गाईड, किती आणि कुठे बसवायच्या; रीलची बैठक कोणत्या उंचीवर ठेवायची; मूठ कशाची आणि किती लांबीची करायची; गाईडच्या पायांवर दोरा गुंडाळून त्यावर इपॉक्सी किती चढवायची. काम थोडे दिसते, पण एकाच मापाच्या दोन ब्लँक दोन माणसांना दिल्या तर दोन वेगळ्या काठ्या तयार होतात. एक हातात हलकी वाटते, दुसरी सारखी पुढे झुकते. गाईडच्या संख्येचा ढोबळ हिशेब दर फुटाला एक आणि टोकाचा वेगळा असा आहे. पण नेमकी जागा हिशेबाने ठरत नाही. काठी आडवी धरून, दोराला वजन लावून ती वाकवावी लागते. दोर काठीच्या बाकाला सोडून सरळ जाऊ लागला की तिथे आणखी एक गाईड हवा असे समजायचे. शंका असेल तिथे वजन वाढवून पुन्हा वाकवायचे, आणि जागा पक्की होईपर्यंत दोरा बांधायचा नाही.

या वाकण्याच्या परीक्षेतच शिंपल्याची जागाही ठरते. नळीचा व्यास आणि तिच्या भिंतीची जाडी दोन्ही दुप्पट झाली तर कडकपणा दुप्पट होत नाही, 16 पट होतो. त्यामुळे निमुळती काठी सगळीकडे सारखी वाकत नाही. शेंडा जवळजवळ अर्धवर्तुळ होतो, मधला भाग भार घेतो, आणि मुठीजवळचा भाग हललाही नाही असे वाटते. शिंपला बसतो तो याच न हलणाऱ्या भागात: मुठीच्या लाकडात, रीलच्या बैठकीच्या अस्तरात, बुडाच्या टोपीत. मुठीच्या वर पहिल्या गाईडपर्यंतचा पट्टा सीमेवरचा आहे. तिथे कागदासारखे पातळ शिंपल्याचे पापुद्रे इपॉक्सीच्या थरात ठेवता येतात, जाड तुकडा चालत नाही. त्याच्या वर काहीही नाही. एखाद्याने हौसेने मधल्या गाईडाशी शिंपल्याचे फूल बसवले, तर पहिल्या मोठ्या माशाला त्या फुलाच्या कडेने इपॉक्सीत केसासारखी चीर पडते, चिरेत पाणी शिरते, आणि दोऱ्याखाली गाईडचा पाय गंजू लागतो. नक्षी चुकली असे लोक म्हणतील. चूक खरे तर वाकण्याच्या अंदाजात झालेली असते.

पहिला आक्षेप वजनाचा. काठी हलकी व्हावी म्हणून जगभरातले कारखाने ग्रॅमा-ग्रॅमासाठी झगडतात. तुम्ही तिच्यावर दगड लावता, असे म्हटले जाते. आक्षेप अर्धा खरा आहे. शिंपल्याची घनता पाण्याच्या सुमारे पावणेतीन पट असते. 30 मिलिमीटर लांब, 6 रुंद आणि 1 जाड असा तुकडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो; असे दहा तुकडे बसवले तरी 5 ग्रॅम. शिवाय तेवढेच लाकूड कोरून काढलेले असते, म्हणजे भर त्याहूनही कमी. पण खरा प्रश्न किती ग्रॅम असा नाही, हातापासून किती लांब असा आहे. काठी फिरवताना हाताला जाणवणारा जडपणा अंतराच्या वर्गाने वाढतो. हातापासून 2 मीटरवर लावलेला 1 ग्रॅम हा 20 सेंटिमीटरवर लावलेल्या 100 ग्रॅमएवढा हात ओढतो. म्हणून शेंड्याकडे इपॉक्सीचा एक फाजील थर दिला तर तो मुठीतल्या सगळ्या जडावापेक्षा जास्त नुकसान करतो, आणि हे फाजील थर बिननक्षीच्या, ‘फक्त कामाच्या’ म्हणवणाऱ्या काठ्यांवरही सर्रास दिसतात. उलट मुठीतले थोडे वजन पुढे झुकणाऱ्या काठीला सावरते. वजनाचा आक्षेप असा शिंपल्याच्या विरुद्ध जात नाही. तो शिंपला चुकीच्या जागी लावणाऱ्याच्या विरुद्ध जातो.

आता थोडे जवळून पाहू, कारण बहुतेक नवखे याच ठिकाणी फसतात. शिंपल्याचा पत्रा सपाट असतो, मूठ गोल. 24 मिलिमीटर व्यासाच्या मुठीत 6 मिलिमीटर रुंदीचा, 1.2 मिलिमीटर जाडीचा तुकडा बसवायचा आहे असे धरा. तुकड्याची मधली रेषा मुठीच्या पृष्ठभागाशी समतल आली की त्याच्या दोन्ही कडा पृष्ठभागाच्या वर राहतात, कारण मूठ तिथे खाली वळलेली असते. किती वर, ते पायथागोरसच्या नियमाने काढता येते: 0.38 मिलिमीटर. तेवढे घासून काढले की कडेला 0.8 मिलिमीटर शिंपला उरतो. काम छान होते. आता तोच तुकडा 10 मिलिमीटर रुंद घ्या. कडा 1.09 मिलिमीटर वर येतात, आणि घासल्यावर तिथे उरतो केवळ 0.11 मिलिमीटर. त्यातून खालचा गोंद दिसू लागतो, चकाकी मरते, आणि पॉलिश पेपरच्या पुढच्या फेरीत कड उडून जाते. म्हणजे गोल मुठीवर रुंद नक्षी हवी असेल तर ती अरुंद पट्ट्या शेजारी-शेजारी लावून उभी करावी लागते, नाहीतर मुठीलाच सपाट पैलू पाडावे लागतात. हे ज्याला आधी सुचते त्याचे रेखाटन आपोआप बदलते. तो मोर काढायला घेत नाही. वेताचे पान, माशाचे खवले, ज्वारीचे कणीस अशा उभ्या, चिंचोळ्या आकृत्यांकडे वळतो. भूमितीने घातलेली मर्यादा ही अशी नक्षीची शैली ठरवते, आणि ती ठरवताना कारागीर कलावंत आहे की यंत्रावरचा माणूस आहे, हा वाद निरर्थक होतो.

खाच पाडण्याचेही तेच. तळ सपाट हवा, कडा उभ्या हव्यात, आणि तुकड्याभोवती फट जितकी कमी तितके काम उजवे. तुकडा सोनाराच्या करवतीने कापायचा, मुठीच्या लाकडावर ठेवून टोकदार सुईने भोवती रेघ ओढायची, बारीक एंड मिलने रेघेच्या आत राहून माती काढल्यासारखे लाकूड काढायचे आणि शेवटचा केसभर भाग हातातल्या छिन्नीने सोडवायचा. उरलेली फट काळ्या पुडीच्या इपॉक्सीने भरायची. काळी का, याचे उत्तर आपल्या जुन्या कामात आहे. त्याकडे पुढे येतो.

दुसरा आक्षेप सातपूरचाच आहे. ही यंत्रांची वस्ती, इथे नक्षीकाम कुठून आले? 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर त्र्यंबक रस्त्याच्या कडेने सातपूरची वसाहत वाढली. मायको, म्हणजे आजची बॉश, आणि सिएट ही तिथली मोठी नावे. त्यांच्या सावलीत टूलरूम, लेथची दुकाने, प्लेटिंगची शेड, गिअर कापणारे, स्प्रिंग वळणारे असे असंख्य छोटे गाळे. शेजारी आयटीआय, तिथून दरवर्षी फिटर, टर्नर, मशिनिस्ट बाहेर पडतात. या गाळ्यांत बहुतेक काम जॉबवर्कचे असते: ड्रॉइंग येते, त्याबरहुकूम भाग बनतो, तपासला जातो, गाडीत चढतो. तो कशाच्या पोटात बसला हे करणाऱ्याला अनेकदा माहीतही नसते. पण त्या कामाने हाताला जे वळण लागते ते पाहा. डायल लावून रनआउट पाहणे, व्ही-ब्लॉकवर गोल जॉब धरणे, सरफेस प्लेटवर उंची खुणावणे, सफाईसाठी किती माल शिल्लक ठेवायचा याचा अंदाज. मुठीचे भोक ब्लँकच्या चढत्या व्यासाला बसेल असे निमुळते रीमरने उघडायचे असते; ते तिरके गेले तर रील आणि गाईड एका रेषेत येत नाहीत आणि दोर प्रत्येक कडीला घासत जातो. इपॉक्सी ओघळू नये म्हणून ती घट्ट होईपर्यंत काठी मिनिटाला मोजके फेरे घेत फिरत राहावी लागते; त्यासाठी परदेशी ‘ड्रायर’ मागवायची गरज नाही, भंगारातली गिअरची मोटर आणि एक जुना चक पुरतो. जडावकामाला लागणारे जवळजवळ प्रत्येक कौशल्य सातपूरमध्ये आधीच पगारावर आहे. नाही ती फक्त सवय, की आपल्या हातातून निघालेली वस्तू पूर्ण असू शकते.

आणि हत्यारांच्या माणसांनी नाजूक कामाकडे वळणे आपल्याकडे नवे नाही. मिरजेचा इतिहास याची साक्ष देतो. तिथले शिकलगार मुळात शस्त्रे घडवणारे आणि पाजवणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा बाजार बसला, तेव्हा फरीदसाहेबांपासून त्यांच्यातल्या काहींनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि मग बनवायला घेतली. संस्थानिक पटवर्धनांच्या दरबारी गाणे होते, गवयी येत-जात होते, त्याचा आधार मिळाला. पोलादाला धार लावणारा हात सतारीच्या घोडीला धार देऊ लागला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांवरची पानाफुलांची पट्टी पाहिली की जडावकामाची जागा कशी ठरते ते दिसते: नक्षी असते ती भोपळ्याच्या कडेने, दांडीच्या काठांवर, तबलीच्या घेराला. तबलीच्या मध्यभागी, जिथून नाद उठतो तिथे, कारागीर तिचे वजन वाढू देत नाही. काठीवर जो नियम वाकण्याने घातला, तोच सतारीवर नादाने घातलेला आहे.

शिंपल्याचे खास काम पाहायचे तर बिदरला जावे लागते. मराठी बोलणाऱ्या गावांना लागून असलेल्या या शहरातल्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. बरीदशाहीतल्या अली बरीदच्या, म्हणजे 1542 ते 1580च्या काळात त्याला आजचे रूप आले. तिथे काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे इतक्या बारकाईने बसवले आहेत की वेली दगडातूनच उगवल्यासारख्या दिसतात. दगड काळा घेतला हे सौंदर्याइतकेच भौतिकीचेही होते. शिंपल्याचा रंग रंगद्रव्याचा नसतो. सूक्ष्म पापुद्र्यांचे थर एकावर एक रचलेले असतात, प्रत्येक थर प्रकाशाच्या लहरींच्या लांबीइतका पातळ. त्यांच्यावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून हिरवा, गुलाबी होत जातो. भोवतीची जमीन फिकट असेल तर तिचा उजेड डोळ्यांत भरतो आणि ही नाजूक चमक बुडते. काळ्या जमिनीवर ती उठून येते. त्याच शहराच्या बिदरी भांड्यांत काळ्या केलेल्या जस्ताच्या मिश्रधातूत चांदी बसवतात, तिथेही हेच शहाणपण आहे. आणि गुजरातेतले सोळाव्या-सतराव्या शतकातले कारागीर, ज्यांच्या पेट्या पोर्तुगिजांमार्फत युरोपच्या राजवाड्यांत गेल्या, शिंपल्याभोवती काळी लाख भरत असत. मुठीतली फट काळ्या इपॉक्सीने भरायची ती यासाठी. बाभूळ किंवा शिसवीसारखे गडद लाकूड चांगले, तेही यासाठी. शिसवीच्या मुठीच्या काठ्या परदेशी पाठवायच्या असतील तर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखालची कागदपत्रे लागू शकतात. बाभळीला ती कटकट नाही, आणि घासल्यावर ती शिसवीपेक्षा फारशी उणी दिसत नाही.

तिसरा आक्षेप जरा बोचरा आहे. ब्लँक परदेशी, गाईड परदेशी, रीलची बैठक परदेशी, कॉर्क पोर्तुगालचे. मग तुम्ही करता ती जुळवाजुळव, घडवणे कसले? मिरजेलाही हा प्रश्न विचारता येईल. तिथे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, लाकूड बाहेरून येते, तारा आणखी कुठून येतात. तरी सतार मिरजेची असते, कारण जोडणीतच तिचा आवाज ठरतो. पण हे उत्तर पुरते असे मला वाटत नाही. आक्षेपाचा खरा निकाल लावायचा तर बांबूकडे वळावे लागेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिरलेल्या बांबूच्या काठ्या घडू लागल्या तेव्हा त्यांचा कच्चा माल भारतातून कलकत्त्याच्या बंदरातून जात असे. तिकडचे कारागीर त्याला कलकत्त्याचाच बांबू म्हणत. तो बहुधा आपला मानवेल होता, भरीव बुंध्याचा, लाठीचा बांबू. पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले, कारण त्याचे तंतू अधिक दाट आणि पेरी सरळ. 1950 नंतर अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला तेव्हा टोंकिन मिळेना, पण तोवर काचतंतू आले होते आणि भारताची आठवण कोणाला राहिली नव्हती.

चिरलेल्या बांबूची काठी म्हणजे सहा पट्ट्या, प्रत्येकीचा छेद 60 अंशांचा त्रिकोण, बुडापासून शेंड्यापर्यंत निमुळत्या रंधलेल्या आणि चिकटवून षटकोन केलेल्या. पट्टी रंधायला दोन पोलादी दांड्यांचा साचा लागतो. दांड्यांमध्ये तिरकी खाच, आणि ठराविक अंतरांवर स्क्रू, ज्यांनी खाच कमी-जास्त रुंद होते. एका पट्टीत मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाची चूक झाली तरी काठीचा बाक बदलतो. असा साचा परदेशातून मागवणे महाग पडते. सातपूरच्या कोणत्याही बऱ्या टूलरूमला तो रोजच्यातला जॉब आहे. बांबू सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या बाजूला आहे, आणि 2017 साली भारतीय वन कायद्यातल्या दुरुस्तीने वनाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाल्यापासून त्याची तोड आणि वाहतूक पूर्वीइतकी अडचणीची राहिलेली नाही. बांबू चिरण्याचे हात बुरुडांकडे आहेत. टोपल्या-सुपांसाठी ते ज्या सफाईने कामट्या काढतात ती शिकायला परक्याला वर्षे लागतात. मानवेल टोंकिनच्या बरोबरीचा ठरेल असे मी म्हणणार नाही. तो किंचित जड आणि सावकाश बाक घेणारा आहे. पण जड, सावकाश काठी नदीकाठच्या मासेमारीला चालते. जपानमध्ये एदोच्या काळापासून बांबूच्या काठ्या लॅकरचे लेप देऊन बनवल्या जातात, काहींवर शिंपल्याचे कणही असतात, आणि कार्बनच्या युगात त्या जड म्हणून बाद झालेल्या नाहीत. उलट सरकारने त्या कारागिरीला पारंपरिक कला म्हणून मान्यता दिली आहे. शिवाय षटकोनी काठीच्या मुठीला पैलू आधीच असतात. मघाशी गोल मुठीवर जी अडचण दाखवली ती इथे उद्भवतच नाही: सपाट पैलूवर सपाट शिंपला.

शिंपला आणायचा कुठून, हा सगळ्यांत गंभीर आक्षेप. अमेरिकेतले कारागीर अबॅलोनी वापरतात, न्यूझीलंडचा निळा-हिरवा पाउआ वापरतात. त्यांची आयात करणे हा एक मार्ग झाला, पण तो महाग आहे आणि मला आळशीपणाचा वाटतो. आपल्या समुद्रातले काही शंख-शिंपले तर घेताच येत नाहीत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो अर्धपारदर्शक शिंपला असे, तो आणि गुजराती जडावाचा आधार असलेला मोठा हिरवा टर्बो शंख, दोन्ही 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात गेले. बाजारात ‘जुना माल आहे’ म्हणून कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत. उरतो नदीतला साधा शिंपला, लॅमेलिडेन्स. गोदावरीच्या संथ पात्रात, तळ्यांत, कालव्यांच्या गाळात तो असतो, आणि भारतात गोड्या पाण्यातले मोती पिकवतात ते मुख्यतः याच शिंपल्यात. आतून तो पांढरा, किंचित गुलाबी झाक असलेला. अबॅलोनीचे इंद्रधनुष्य त्यात नाही, आणि तो पातळ असल्यामुळे मोठे सपाट तुकडे निघत नाहीत; कमानीच्या बाजूने चिंचोळ्या पट्ट्या निघतात. पण गोल मुठीला हव्या होत्या त्याही चिंचोळ्याच.

तरीही जिवंत शिंपले उपसून आणायचे नाहीत, हे या पुस्तकात वारंवार सांगितले आहे आणि त्याला भावनेपलीकडचे कारण आहे. या शिंपल्यांची पिले जन्मल्यावर काही आठवडे माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात, तिथूनच ती नदीभर पसरतात. मोठे झाल्यावर तेच शिंपले पाणी गाळून स्वच्छ ठेवतात. म्हणजे ज्या नदीतले शिंपले संपतात तिथले मासे सुखी राहत नाहीत, आणि मासे संपले तर शिंपले. गळवाल्याने शिंपले ओरबाडणे म्हणजे स्वतःच्याच धंद्यावर गळ टाकणे आहे. मोती काढून झाल्यावर मोत्यांच्या तळ्यांवर पडणारी शिंपल्यांची रास आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठावर राहिलेले रिकामे शिंपले, एवढा माल छोट्या कारागिराला पुरतो. सातपूरच्या वाचकाला एवढेच सांगायचे की तो शिंपला जवळच्या नासर्डीतून आणू नका. त्या पाण्याचे काय झाले आहे ते कारखाने आणि वस्ती दोघांनाही ठाऊक आहे. आणखी एक, यंत्रावर काम करणाऱ्याला पटकन पटेल असे: शिंपल्याची धूळ कोरडी कापू नये. ती फुप्फुसांत जाऊन बसते, आणि तिच्यातल्या प्रथिनांमुळे दम्यासारखा त्रास होऊ शकतो. पाण्याखाली किंवा पाण्याच्या धारेत कापावे, चांगला मास्क लावावा, एक्झॉस्ट चालू ठेवावा. ग्राइंडिंगच्या शेडमध्ये हे नियम भिंतीवर लिहिलेले असतात. घरच्या गच्चीवर कोणी लिहीत नाही.

मग प्लास्टिकच का नको? मिरजेनेही हस्तिदंत आणि हाडाच्या जागी सेल्युलॉइड आणि अॅक्रिलिक स्वीकारलेच ना? स्वीकारले, आणि योग्यच केले. हस्तिदंतासाठी हत्ती मारण्याचे समर्थन कोणत्याही सतारीने होत नाही. पण तिथे प्लास्टिक पांढऱ्या रेघेचे काम करते, हाडाची नक्कल करत नाही. शिंपल्याची नक्कल करणारे मोतिया प्लास्टिक मात्र एकाच दिशेने चमकते आणि उन्हाने पिवळे पडते. ज्याला पांढरी रेघ हवी आहे त्याने खुशाल प्लास्टिक लावावे. ज्याला हलणारी चमक हवी आहे, त्याला शिंपल्यावाचून गत्यंतर नाही. आणि रिकामा पडलेला शिंपला वापरण्यात कोणाचा जीव जात नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा, आणि त्यावर मी थोडकेच बोलेन. कोकणात गरवायला बसणारा माणूस किंवा गोदाकाठचा भोई बांबूची काठी, नायलॉनचा दोर आणि चार आण्यांच्या मोलाच्या गळावर पोट भरत आला. त्याला शिंपल्याची मूठ कशाला? नाहीच लागत. हे पुस्तक त्याला काही विकत नाही आणि त्याच्या काठीत काही उणे आहे असेही सुचवत नाही. गिऱ्हाईक आहे ते मुंबई-पुण्यातला आणि किनाऱ्यावरचा हौशी गळवाला, जो आज परदेशी काठीसाठी पुष्कळ पैसे मोजतो आणि ती त्याच्या हाताला बेतलेली नसते. त्याच्याही दोन जबाबदाऱ्या आहेत. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. गंगापूरसारखे धरण तर नाशिक शहराचे पिण्याचे पाणी आहे. परवानगी घेतल्याशिवाय काठी उघडायची नाही. आणि महसीर मासा लागला तर तो सोडून द्यायचा. 1839 साली साइक्स या निसर्गअभ्यासकाने पुण्याजवळच्या नदीतून ज्या दख्खनी महसीराचे वर्णन केले, तो मध्यंतरी इतका विरळ झाला की लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या हॅचरीत त्याची पिले वाढवून नद्यांत सोडावी लागली. काटा नसलेला गळ वापरला तर सोडणे सोपे जाते.

राहिला पुस्तकाच्या क्रमाचा खुलासा. जडावकामाचे प्रकरण शेवटून दुसरे ठेवले आहे, यावर काही वाचक नाराज होतील; मुखपृष्ठावर शिंपला आणि आत दोनशे पाने गाईड, रीमर आणि दोऱ्याचे वेढे. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. गिऱ्हाइकाची कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी घेतल्याशिवाय मागची मूठ ठरत नाही, त्याची रील तोलून पाहिल्याशिवाय बैठकीची जागा ठरत नाही, काठी वजनाने वाकवल्याशिवाय गाईड ठरत नाहीत, आणि हे सगळे ठरल्याशिवाय न वाकणारा भाग नेमका कुठे संपतो ते कळत नाही. जडावाचे रेखाटन त्यानंतर. पहिला तुकडा खऱ्या मुठीत बसवू नये. बाभळीचा 24 मिलिमीटरचा दांडा लेथवर उतरवून त्यात 5 मिलिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या बसवाव्यात, पॉलिश पेपरने दोन हजार नंबरपर्यंत जावे आणि दांडा मधोमध आडवा कापून कडेला किती शिंपला उरला ते व्हर्नियरने मोजावे.